‘नंबर मॅचिंग’ झेड/२८: १९६९ च्या एका कमॅरोची तपासणी

ओहायोतल्या एका निवृत्त गृहस्थांनी विकायला काढलेल्या १९६९ च्या शेव्हरोले कमॅरोची जाहिरात मोजक्या शब्दांत होती: ‘अस्सल झेड/२८, नंबर मॅचिंग, फोर स्पीड.’ वाचताना हा एकच दावा वाटतो, पण आहेत दोन. गाडी कारखान्यातून झेड/२८ म्हणूनच बाहेर पडली, हा एक. तेव्हा तिच्यात बसवलेलं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल आजही तिच्यातच आहेत, हा दुसरा. जुन्या अमेरिकन मसल कारच्या बाजारात दोन्हींची किंमत वेगवेगळी लागते आणि जाहिरातीत मात्र दोन्ही एका दमात ठोकून दिले जातात. या गाडीच्या बाबतीत पहिला दावा खरा निघाला, दुसरा खोटा. ते कशावरून ठरलं, ते इथे मांडतो.

गाडी घेणारा माझा मित्र मूळचा पुण्याचा, हल्ली मिशिगनमध्ये गाड्यांच्याच धंद्यात नोकरीला. मी सोबत गेलो तो या कोडांचा नाद आहे म्हणून. आम्ही दोघंही अप्रेझर, म्हणजे गाड्यांची किंमत ठरवून देणारे तज्ज्ञ, नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कोडाचं नाव झालं

शेव्हरोलेच्या ऑर्डर फॉर्मवर प्रत्येक जादा गोष्टीला एक आरपीओ कोड असायचा. आरपीओ म्हणजे रेग्युलर प्रॉडक्शन ऑप्शन. डीलरने फॉर्मवर खूण करायची आणि कारखान्याने ते बसवून द्यायचं. झेड२१ ही स्टाइल ट्रिम, म्हणजे चाकांच्या कमानींना आणि छताच्या कडेला चकचकीत पट्ट्या वगैरे. झेड२२ म्हणजे रॅली स्पोर्ट, हेडलाइटवर झाकणं. झेड२७ म्हणजे सुपर स्पोर्ट. त्याच रांगेतला झेड२८. कुणी बसून ठरवलेलं हे नाव नाही, फॉर्मवरचा कोड आहे. १९६७ च्या झेड/२८ वर तर त्या नावाचा बिल्लासुद्धा नव्हता.

हा कोड जन्मला शर्यतीसाठी. ट्रान्स-ॲम मालिकेत इंजिनाची मर्यादा होती ३०५ घन इंच, म्हणजे पाच लिटर. शेव्हरोलेकडे ३२७ घन इंची इंजिनाचा ब्लॉक होता, चार इंच बोअरचा (सिलिंडरचा व्यास), आणि २८३ चा क्रँक होता, तीन इंच स्ट्रोकचा (पिस्टनची धाव). दोन्हींची सांगड घातली की आठ सिलिंडरचं मिळून ३०२ घन इंच होतं. मर्यादेच्या आत, आणि स्ट्रोक लहान असल्यामुळे आरपीएमला बेफाम. शर्यतीत उतरवायची तर तशीच गाडी गिऱ्हाइकालाही विकली पाहिजे, असा नियम. म्हणून हा कोड. शेव्हरोलेतले व्हिन्स पिगिन्स या सगळ्यामागे होते. १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं पेन्स्के संघाच्या कमॅरोत बसून मार्क डोनोह्यूने ती मालिका मारली.

१९६९ साली झेड/२८ ची किंमत मूळ गाडीवर ४५८ डॉलर १५ सेंट. त्यात काय मिळायचं? कागदोपत्री २९० अश्वशक्तीचं ३०२ इंजिन (खरा आकडा बराच जास्त होता, असं या गाड्यांमधली सगळीच माणसं मानतात), सॉलिड लिफ्टरचा कॅम, होलीचा चार तोंडांचा कार्ब्युरेटर, १५ इंची रॅली चाकं, बारा बोल्टचा मागचा एक्सल, बोनेट आणि डिकीवर रुंद पट्टे. फोर स्पीड गिअरबॉक्स आणि पुढचे पॉवर डिस्क ब्रेक घेणं सक्तीचं. ऑटोमॅटिक नाही, एसी नाही. त्यामुळे कारखान्याचा एसी असलेली ‘अस्सल झेड/२८’ कुणी दाखवली, तर चहा पिऊन परत यावं.

१९६७ मध्ये अशा ६०२ गाड्या निघाल्या, १९६८ मध्ये ७,१९९ आणि १९६९ मध्ये २०,३०२. पण १९६९ च्या कमॅरो एकूण २,४३,०८५. म्हणजे साधारण बारांतली एक खरी आणि बाकीच्या अकरांवर पट्टे रंगवायला मोकळीक. बनावटगिरीचं सगळं अर्थशास्त्र या दोन आकड्यांत आलं.

आरसी बुक नावाची गोष्ट इथे नाही

मित्राचा पहिला प्रश्न अगदी देशी होता. “अरे, आरसीवर इंजिन नंबर असेल ना? तो जुळवला की झालं.”

नाही होत. आपल्याकडे आरसी बुकावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात, इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावी लागते. अमेरिकेत या काळातल्या गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, फक्त व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, असतो. इंजिन कुठलं, किती वेळा बदललं, याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. त्यामुळे ‘नंबर मॅचिंग’ हा शब्द कायद्याचा नाहीच, बाजाराचा आहे. तो सिद्ध करण्याची जबाबदारी बघणाऱ्याच्या डोळ्यांवर.

आणि व्हीआयएन तरी काय सांगतो? डॅशबोर्डवर काचेतून दिसणाऱ्या पट्टीवर १२४३७९एन६ आणि पुढे पाच आकडे. पहिला १ म्हणजे शेव्हरोले, २४ म्हणजे व्ही-८ कमॅरो, ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे नॉरवुड. सिनसिनाटीला चिकटून असलेल्या नॉरवुडमध्ये जनरल मोटर्सचा मोठा कारखाना होता, १९८७ मध्ये बंद झाला. उरलेल्या कमॅरो लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसमधून यायच्या, त्यांच्या नंबरात एल. एवढंच. व्ही-८ आहे हे कळलं, पण ३०७ वाली साधी गाडी की झेड/२८, याचा व्हीआयएनमध्ये मागमूस नाही.

फोर्ड आणि क्रायसलर या बाबतीत गिऱ्हाइकाला जास्त सोपे. दोघांच्याही त्या काळच्या व्हीआयएनमध्ये पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. १९७० च्या मस्टँगमध्ये त्या जागी ‘आर’ दिसला तर ४२८ कोब्रा जेट, रॅम एअरसकट. त्याच सालच्या डॉज चॅलेंजरमध्ये ‘आर’ दिसला तर ४२६ हेमी. अक्षर एक, कंपन्या दोन, इंजिनं दोन. नवखे इथे हमखास घोटाळा करतात. पाँटिॲक जीटीओचा व्हीआयएन १९६६ पासून २४२ ने सुरू होतो, त्यामुळे जीटीओ आहे की नाही हे तरी समोरच कळतं; शिवाय पाँटिॲकच्या कारखान्यातल्या नोंदी पैसे भरून मिळतात. फोर्डच्याही १९६७ पासूनच्या मिळतात. अमेरिकेत विकलेल्या कमॅरोची मात्र कुठला ऑप्शन कुठल्या गाडीला लागला अशी नोंद कंपनीकडे मागायची सोय नाही. कॅनडात विकलेल्या गाड्यांची आहे. आमची गाडी कॅनडाची नव्हती.

फायरवॉलवरचा टॅग

बोनेट उघडल्यावर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा), ड्रायव्हरच्या बाजूला, पत्र्याचा छोटा टॅग रिव्हेट केलेला असतो. या गाडीवर होतं: एसटी ६९-१२४३७, एनओआर आणि बॉडी नंबर; खाली टीआर ७११, रंग ७१ ७१; आणि शेवटच्या ओळीत ०४बी एक्स३३. ७११ म्हणजे काळं साधं व्हिनाइल इंटिरिअर. ७१ म्हणजे ल मान्स ब्लू, वरखाली एकच रंग. ०४बी म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा.

आता एक्स३३. इथे थोडं थांबू, कारण सगळं प्रकरण या तीन खुणांवर तोललेलं आहे आणि बहुतेक लोक त्या पाठ करतात, समजून घेत नाहीत.

टॅग शेव्हरोलेने लावलेला नाही. तो फिशर बॉडीचा, म्हणजे जनरल मोटर्सच्याच बॉडी बनवणाऱ्या विभागाचा. नॉरवुडच्या आवारात फिशर बॉडी सांगाडा बनवायची, रंगवायची, आतली सीट-गाद्या लावायची आणि मग तयार बॉडी शेव्हरोलेच्या लाइनवर जायची. तिथे इंजिन, चाकं, एक्सल. म्हणजे टॅग हा फिशरच्या माणसांनी फिशरच्या माणसांसाठी लावलेला कामाचा चिठोरा. त्यांना इंजिनाशी कर्तव्य नव्हतं. कुठे भोकं पाडायची, कुठल्या पट्ट्या लावायच्या, मागचा पत्रा काळा करायचा की नाही, एवढंच हवं होतं. सुपर स्पोर्ट ३९६ चा मागचा पत्रा काळा असायचा, म्हणून त्याला वेगळा कोड लागला. स्टाइल ट्रिमच्या पट्ट्यांना भोकं लागायची, म्हणून ती असलेली आणि नसलेली गाडी वेगळी करावी लागली.

यातून डिसेंबर १९६८ च्या सुमारास नॉरवुडच्या टॅगवर एक्स कोड यायला लागले. एक्स३३ म्हणजे झेड/२८, स्टाइल ट्रिमसकट. एक्स७७ म्हणजे झेड/२८, ट्रिम नसलेली. एक्स२२ आणि एक्स६६ ही तशीच जोडी सुपर स्पोर्ट ३९६ ची. एक्स५५ ट्रिम नसलेली सुपर स्पोर्ट ३५०, एक्स४४ अगदी साधी गाडी. आणि एक्स११ मध्ये ट्रिम घेतलेल्या साध्या गाड्या आणि ट्रिम घेतलेल्या सुपर स्पोर्ट ३५० दोन्ही येतात, कारण फिशरच्या कामाच्या दृष्टीने त्यांच्यात वेगळं करण्यासारखं काही नव्हतं. लोक या एक्स११ वर तावातावाने भांडतात. भांडण्यात अर्थ नाही. ज्याने कोड केला त्यालाच तुमच्या प्रश्नाशी घेणं नव्हतं.

याच कारणाने नोव्हेंबर १९६८ ची नॉरवुडची खरीखुरी झेड/२८ टॅगवर मुकी असते. व्हॅन नाइसच्या गाड्या तर वर्षभर मुक्याच, तिथे एक्स कोड वापरलेच नाहीत.

टॅगच्या मर्यादेचं टोकाचं उदाहरण कोपोचं. सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर ही मुळात पोलीस गाड्या, टॅक्सी, ट्रकांच्या घाऊक खास मागण्यांसाठीची वाट. मध्यम आणि लहान गाड्यांत ४०० घन इंचांवरचं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. काही डीलरांनी या आडवाटेने १९६९ च्या कमॅरोत ४२७ बसवून घेतलं: कोपो ९५६१ म्हणजे लोखंडी ब्लॉकचं एल७२, कोपो ९५६० म्हणजे ॲल्युमिनियमचं झेडएल१. इलिनॉयमधल्या ला हार्प गावच्या फ्रेड गिब यांनी झेडएल१ च्या पन्नास गाड्या मागवल्या; एकूण निघाल्या ६९. त्या इंजिनाचेच ४,१६० डॉलर पडायचे, म्हणजे अख्ख्या झेड/२८ पॅकेजच्या नऊपट. आणि या गाड्यांच्या टॅगवर काय? एक्स११ किंवा एक्स४४. त्या सालची सगळ्यात महागडी कमॅरो टॅगवर कारकुनाच्या गाडीसारखी दिसते.

तेव्हा एक्स३३ हा चांगला पुरावा, पण एक्स३३ चा टॅग खरा असेल तर. कोरे टॅग विकत मिळतात, शिक्के मारून देणारेही आहेत. म्हणून आम्ही बॉडीवरचे लपलेले नंबर शोधले. १९६९ च्या कमॅरोत व्हीआयएनचा शेवटचा भाग आणखी दोन ठिकाणी मारलेला असतो: काचेखालच्या काऊल पॅनेलखाली आणि फायरवॉलवर हीटरच्या डब्यामागे. हीटरचा डबा काढायला विक्रेत्याने अर्थातच नकार दिला. काऊल पॅनेल मात्र काढू दिलं. खाली पानांचा चुरा, गंज धरायला लागलेला पत्रा आणि त्यावर नंबर. डॅशवरच्या पट्टीशी जुळणारा. म्हणजे पट्टी दुसऱ्या गाडीची आणून लावलेली नव्हती. बॉडी तीच.

बाकीची हाडं बघितली. मागे पाच-पाच पात्यांचे कमानपाटे होते. साध्या कमॅरोला एकच पातं असतं. बारा बोल्टचा एक्सल, उजव्या नळीवरच्या शिक्क्यात मार्च महिना. एसीची कुठलीच खूण नाही. यातली एकही गोष्ट एकटीने झेड/२८ सिद्ध करत नाही, पाटे आणि एक्सल सुपर स्पोर्टलाही तेच. पण काही विरोधातही जात नव्हतं.

पॅड

आता इंजिन. स्मॉल ब्लॉक शेव्हीचा शिक्का उजव्या हेडच्या पुढे, ब्लॉकच्या सपाट ओट्यावर असतो. त्यालाच पॅड म्हणतात. १९६९ मध्ये अल्टरनेटर उजवीकडे आला, त्यामुळे पॅड त्याच्या मागे दडतो आणि ब्रॅकेटमधून मान वाकडी करून बघावं लागतं. फडक्यावर थोडं सॉल्व्हंट घेऊन पुसलं. ब्रश किंवा पॉलिश पेपर चुकूनही नाही. पॅडवरचे ओरखडे हाच तर पुरावा.

दोन नंबर होते. एक व्ही०४०२डीझेड. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०४०२ म्हणजे २ एप्रिल, डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड/२८ चं ३०२. दुसरा १९एन६ आणि पुढे गाडीच्या व्हीआयएनमधलेच पाच आकडे. वाचल्यावर मित्राने माझ्या पाठीत धपाटा घातला. विक्रेते गृहस्थ शेजारी उभे राहून हसत होते. त्यांना खात्रीच होती, आणि ती प्रामाणिक खात्री होती असं मला आजही वाटतं.

मला पहिल्यांदा खटकलं ते अक्षरांचं रूप. हे दोन नंबर एका जागी, एका दिवशी मारलेले नसतात. डीझेडचा शिक्का मिशिगनमध्ये, फ्लिंटला, इंजिन जुळवताना. अक्षरं एका पकडीत बसवून एका ठोक्यात. गाडीचा नंबर ओहायोत, नॉरवुडला, इंजिन त्या गाडीला नेमून दिल्यावर. दोन कारखाने, दोन साचे, दोन हात. म्हणून खऱ्या पॅडवर दोन्ही ओळी वळणाला, खोलीला थोड्या वेगळ्या दिसतात. इथे दोन्ही ओळींतले ०, ६ आणि ९ जुळ्या भावंडांसारखे, खोलीही सारखी.

मग टॉर्च आडवा धरला. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोचने, म्हणजे दातेरी हत्याराने, कापलेला असतो. ब्लॉकच्या लांबीत, पुढून मागे, सरळ आणि समांतर अशा बारीक रेघा पडतात. शिक्का या रेघांवर मारलेला असतो. नंतर कुणी तो ओटा घासून किंवा मिलिंग करून सपाट केला तर जुना शिक्का जातो, त्यासोबत रेघाही जातात. इथे प्रकाश आडवा पडल्यावर दिसल्या त्या रेघा सरळ नव्हत्या, वळलेल्या होत्या. आरटीओत एजंट चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात तसा मी पॅडचा छाप काढून घेतला. कागदावर तर त्या कमानी आणखीच स्पष्ट उमटल्या.

इथपर्यंत बचाव शक्य होता. इंजिन खोलून पृष्ठभाग पुन्हा सपाट करणं हे ओव्हरहॉलिंगमधलं नेहमीचं काम आहे. मशिन शॉपमध्ये शिक्का उडाला, मालकाने तोच नंबर पुन्हा मारून घेतला, असं होतं. ब्लॉक मूळचाच असू शकतो.

ब्लॉकची जन्मतारीख

तो बचाव मोडला कास्टिंगच्या तारखेने. पॅडवरचा शिक्का थंड लोखंडावर हातोडीने मारलेला, कधीही मारता येतो. कास्टिंगची तारीख साच्यातच असते, वितळलेल्या लोखंडातून उठून वर आलेली. ती स्मॉल ब्लॉकवर मागच्या बाजूला, गिअरबॉक्सला जोडणाऱ्या फ्लँजवर, उजवीकडे. डावीकडे कास्टिंग नंबर. डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) मागे दांडीवरचा आरसा घालून वाचावं लागतं, आणि आरशात उलटं वाचायची सवय नसेल तर फोटो काढून सुलटा करावा.

कास्टिंग नंबर निघाला ३९७००१०. १९६९ च्या ३०२ ला तीन कास्टिंग वापरली गेली: ३९३२३८६, ३९५६६१८ आणि शेवटी ३९७००१०. म्हणजे नंबर बसतो. पण हाच ब्लॉक पुढे सत्तरच्या दशकभर ३५० इंजिनासाठी ढिगाने ओतला गेला. भंगारवाल्याकडे सगळ्यात सहज मिळणारा हाच, त्यामुळे नकली डीझेडसाठी लाडका.

तारीख निघाली ई १४ ९. ए म्हणजे जानेवारी धरून ई म्हणजे मे. १४ मे, साल ९ ने संपणारं.

फिशरच्या टॅगप्रमाणे बॉडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली. पॅडवरच्या शिक्क्याप्रमाणे इंजिन २ एप्रिलला जुळवलेलं. आणि ब्लॉक ओतला १४ मे रोजी. इंजिन जुळवलं गेलं तेव्हा त्याचा ब्लॉक अजून वाळूच्या साच्यातसुद्धा गेला नव्हता. त्यातही तो ९ म्हणजे १९६९ च असेल असं नाही, कारण साल एकाच आकड्यात लिहिलेलं असतं आणि १९७९ चा ब्लॉकही तेच सांगेल. पण आपल्याला तेवढं ठरवायची गरजच पडत नाही. दोन्ही साली तो उशिराच.

इंजिनाला चिकटलेले बाकीचे सुटे भाग मात्र बरोबर होते, आणि त्यामुळे गोष्ट आणखी रंगली. डेल्को ११११४८०, म्हणजे १९६९ च्या झेड/२८ चाच, त्यावर तारीख ९ सी १४, म्हणजे १४ मार्च. होलीवर लिस्ट ४०५३ आणि तारीख ९३३: १९६९, मार्च, तिसरा आठवडा. दोन्ही २ एप्रिलच्या आधीचे, बसणारे. गिअरबॉक्सवर पी९सी२६बी: मन्सीचा गिअरबॉक्स कारखाना, १९६९, २६ मार्च, आणि बी म्हणजे एम२१ हा क्लोज रेशो. त्याच्यावरही गाडीचा नंबर, आणि तो शिक्का ओबडधोबड, एक आकडा किंचित खाली घसरलेला. कारखान्यातला माणूस दिवसाला शेकड्यांनी मारायचा, तो असाच मारणार. पॅडवरचा सुबक शिक्का त्याच्या शेजारी आणखीच उघडा पडला.

विक्रेत्याकडे एक हुकमी पान होतं, वॉरंटीच्या पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट. नव्या गाडीसोबत डीलरकडून मिळायची ती धातूची पट्टी. तिच्यावर व्हीआयएन, इंजिनाचा शिक्का, गिअरबॉक्स, एक्सल यांचे कोड उठवलेले असतात. तिच्यावर व्ही०४०२डीझेड स्पष्ट होतं. “बघा, जुळतंय!” असं ते म्हणाले. जुळत होतंच. नकली प्लेटही बनवून मिळतात, पण ही झिजलेली, वाकलेली होती आणि तिच्यावरचे एक्सल आणि गिअरबॉक्सचे कोड लोखंडावरच्या शिक्क्यांशी तंतोतंत होते. ती मी खरी धरली. मग तिचा अर्थ असा की गाडी डीझेड इंजिनासकट जन्माला आली, आणि पुढे ज्याने कुणी दुसरा ब्लॉक घातला त्याने याच पट्टीवरून नंबर उतरवून पॅडवर मारला. म्हणजे विक्रेत्याचा हुकमी एक्का पहिल्या दाव्याला बळ देत होता आणि दुसऱ्या दाव्याची चोरी कशी झाली ते सांगत होता.

हे खोटं कुणासाठी

३०२ चे ब्लॉक फुटायचे, यात नवल नाही. ही इंजिनं सात हजारांवर आरपीएम नेण्यासाठी होती आणि पहिले मालक विशीतले. वॉरंटीत डीलरने ब्लॉक बदलला असता तर पॅडवर ‘सीई’ आणि त्यापुढे वर्षाचा आकडा आला असता. तो जनरल मोटर्सच्या बदली इंजिनाचा शिक्का, आणि जाणकार त्याचा मान राखतात. गाडीच्या आयुष्यात काय घडलं ते तो सरळ सांगतो. इथे तसं नव्हतं.

पुन्हा शिक्का मारण्याबद्दल या छंदात दोन तट आहेत. एक म्हणतो, रिस्टोरेशन म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तशी करणं, मग पॅडही तसाच केला तर बिघडलं काय? हे म्हणणं मला पटत नाही. रंग नवा आहे हे कुणालाही दिसतं, नवी गादी कुणी जुनी म्हणून विकत नाही. पॅडवरचा नंबर मात्र फक्त एकाच कामाचा असतो, हे इंजिन या गाडीचं आहे असं सांगण्याचा. ते खरं नसताना तो मारायचा, तर बघणाऱ्याला फसवण्यापलीकडे त्याला दुसरा उपयोग उरत नाही. पॅड कोरा ठेवला असता तर याच गाडीला मी बिनदिक्कत चांगली गाडी म्हटलं असतं.

आम्ही विक्रेत्यांना आरशातला फोटो दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. गाडी त्यांनीही आधीच्या मालकाच्या शब्दावर, पूर्ण ‘नंबर मॅचिंग’चे पैसे मोजून घेतली होती. मग त्यांनी ९ चा ८ तर नाही ना, ई चा एफ तर नाही ना, असं विचारून पाहिलं. एफ असता तर जून, म्हणजे आणखी उशीर. शेवटी म्हणाले, विचार करून कळवतो.

मित्राने देऊ केलेली किंमत अस्सल एक्स३३ बॉडी, मूळ एम२१, मूळ एक्सल आणि परकं इंजिन अशा गाडीची होती. त्यासोबत एक अट: विक्रीपत्रावर लिहायचं की ब्लॉक मूळचा नाही आणि पॅडवर पुन्हा शिक्का मारलेला आहे. किमतीपेक्षा या ओळीवर जास्त घासाघीस झाली. अशी ओळ कागदावर आली की ती गाडीसोबत कायमची चालते, हे दोन्ही बाजूंना कळत होतं. आठवडाभराने त्यांचा फोन आला, दोन्ही कबूल.

हिवाळ्यात गॅरेजमध्ये इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं तेव्हा उरलेलं उत्तर मिळालं. १९६९ च्या ३०२ ला क्रँक धरून ठेवणाऱ्या मधल्या तीन मेन कॅपना चार-चार बोल्ट असतात. या ब्लॉकला सगळीकडे दोनच, म्हणजे तो कुठल्याच ३०२ चा नव्हता. पण क्रँकवर फोर्जिंगचा आकडा ११७८ होता, म्हणजे ३०२ चा तो घडीव पोलादी क्रँक. मूळ इंजिनाचा ब्लॉक गेला, आतली हाडं मात्र कुणीतरी जपून दुसऱ्या ब्लॉकमध्ये घातली होती. सध्या मित्र फेब्रुवारी-मार्च १९६९ मध्ये ओतलेला चार बोल्टचा ब्लॉक शोधतोय. तो मिळेपर्यंत टॅकोमीटर साडेपाच हजारांपुढे न्यायचा नाही, असं त्याने ठरवलंय. सॉलिड लिफ्टरच्या ३०२ ला हे पाळणं सोपं नाही, कारण ते जागं व्हायलाच चार हजार लागतात.